वजनाचा डबा आणि आपले लिव्हर

कोलाड, खांब, धाटाव, रोहा या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू घरोघरी शिरली आहे. ती म्हणजे वजन कमी करण्याचा डबा. कुठे तो दुधात घालायच्या पावडरीचा असतो, कुठे कॅप्सूलचा, कुठे 'पोट उतरवणाऱ्या' चहाचा, तर कुठे पाण्यात टाकायच्या थेंबांचा. डब्यावर हिरवी पाने काढलेली असतात आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते: 'शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही.' हा डबा दुकानातून कमी आणि ओळखीतून जास्त येतो. बचत गटातली बाई आणते, नणंदेची मैत्रीण आणते, व्हॉट्सअॅपवर 'आधी आणि नंतर'चे फोटो येतात.

घेणाऱ्या बहुतेक आपल्याच भगिनी असतात. कोणी रिसॉर्टमध्ये साफसफाईला जाते, कोणी एमआयडीसीत कंत्राटावर आहे. बाळंतपणानंतर वजन उतरलेले नसते, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी 'शुगर बॉर्डरवर आहे, वजन कमी करा' एवढेच सांगून पाठवलेले असते. कमी कसे करायचे हे सांगायला कोणाला वेळ नसतो. डबेवाली मात्र तासभर बसून बोलते. म्हणून हजार-दोन हजार रुपये पोटाला चिमटा काढून दिले जातात. घेणाऱ्या बाईला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. या डब्याने लिव्हरला, म्हणजे यकृताला, इजा होऊ शकते. ती लवकर कळली तर बहुतेक वेळा माणूस पूर्ण बरा होतो, उशीर झाला तर जीव जातो. तो उशीर कुठे होतो आणि कसा टाळायचा, एवढ्यासाठी हे पान वाचा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

लिव्हर काय काम करते

लिव्हर पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो असते. आपण जे खातो-पितो त्यातले बहुतेक सगळे आतड्यातून रक्तात गेल्यावर आधी लिव्हरकडे जाते आणि मग शरीरभर पसरते. औषध असो, दारू असो, झाडपाला असो, त्याची मोडतोड करून बाहेर टाकण्याजोगे रूप देण्याचे काम लिव्हरचे. रक्त गोठवणारी द्रव्ये तेच बनवते, पित्त तेच बनवते, साखरेचा साठा तेच ठेवते.

या मोडतोडीत काही पदार्थांपासून मूळ पदार्थापेक्षाही जहाल घटक तयार होतो आणि तो लिव्हरच्या पेशींना मारतो. काही वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि लिव्हरवर उलटते. पेशी फुटल्या की त्यातले एसजीपीटी आणि एसजीओटी हे घटक रक्तात उतरतात. म्हणून रक्ततपासणीत हे आकडे वाढलेले दिसतात. इजा वाढली की बिलिरुबिन साचते, डोळे पिवळे होतात. आणखी वाढली की रक्त गोठेनासे होते, पोटात पाणी भरते, मेंदूवर परिणाम होऊन माणूस बरळू लागतो. लिव्हरची ताकद मोठी असल्यामुळे बराच काळ ते मुकाट्याने सोसते. बाहेर काही दिसते तेव्हा आत पुष्कळ झालेले असते.

झाडपाल्यानेही लिव्हर बिघडते: मुंबईतला अनुभव

'औषधाने होईल, झाडपाल्याने कसे होईल?' हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत येतो. त्याचे उत्तर लांब शोधायला नको. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी काढे उकळले गेले. त्यात गुळवेल हमखास असायची. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण आले, आणि सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लिव्हरचा तुकडा काढून तपासला तेव्हा प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटल्यासारखे चित्र दिसले.

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असते, ती वापरली गेली नसेल कशावरून, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांमधल्या डॉक्टरांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वेल घ्यायला सुरुवात केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा काळ पाहिला, तर निम्म्या रुग्णांना तो साधारण ४६ दिवसांच्या आत झाला होता. काहींना आधीपासून लिव्हरचा आजार होता आणि तो त्यांना माहीतही नव्हता.

गुळवेल विषारी आहे, असा याचा अर्थ काढू नका. जी वस्तू शरीरावर काम करते ती शरीराचे नुकसानही करू शकते, मग ती कारखान्यात बनो की कुंपणावर उगवो. दुसरे म्हणजे, आपण नेमकी कोणती वेल उकळतोय हेसुद्धा ओळखणे सोपे नाही. घरात उकळलेल्या एका वेलीबाबत इतका घोळ होतो, तर पंधरा-वीस घटकांच्या बंद डब्याबाबत आपल्याला काय कळणार?

स्वयंपाकघरातले वेगळे, डब्यातले वेगळे

वजनाच्या डब्यांमध्ये जे घटक पुन्हा पुन्हा सापडतात, त्यांतले काही आपल्या ओळखीचे आहेत. विक्रेते याच ओळखीचा फायदा घेतात. म्हणून एकेक पाहू.

कोकमाचा भाऊ. डब्यावर 'गार्सिनिया कंबोजिया' असे नाव दिसेल. हे आपल्या रातांब्याच्या कुळातलेच झाड. केरळात त्याची सुकवलेली आंबट फळे माशाच्या कालवणात घालतात, जशी आपण आमसुले घालतो. आमसुलाच्या चार पाकळ्यांनी कोणाचे लिव्हर बिघडत नाही. पण त्याच जातीच्या फळातले हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल काढून, घट्ट करून, दिवसाला दोन-तीन कॅप्सूल महिनोन्‌महिने घेतल्यावर लिव्हरला सूज आल्याची प्रकरणे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. अमेरिकेत 'हायड्रॉक्सीकट' नावाची वजन कमी करण्याची उत्पादने जोरात खपत होती. मे २००९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ती घेऊ नका असा इशारा दिला. गंभीर त्रासाच्या २३ तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांत कावीळ होती, लिव्हर बदलण्याची वेळ आलेली माणसे होती आणि लिव्हर बंद पडून झालेला एक मृत्यू होता. कंपनीला माल परत घ्यावा लागला.

ग्रीन टी. कपभर ग्रीन टी पिण्याला आमची हरकत नाही. त्रास आहे तो त्याच्या अर्काचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये हिशोब मांडला. चहा म्हणून पिणाऱ्यांच्या पोटात त्यातला मुख्य घटक दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जातो. कॅप्सूलमधून मात्र काही वेळा ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त जातो, आणि त्या पातळीला लिव्हरचे आकडे वाढलेले दिसतात. उपाशीपोटी घेतल्यावर हा घटक रक्तात आणखी जास्त उतरतो. आणि आपल्याकडे सांगतात काय, तर 'सकाळी उठल्या उठल्या, काही न खाता घ्या.'

बेल. बेलाच्या पानात एक घटक असतो. तो कारखान्यात बनवून अमेरिकेतल्या 'ऑक्सिएलिट प्रो' या वजन कमी करण्याच्या आणि व्यायामाच्या पावडर-गोळ्यांत घातला होता. २०१३ मध्ये हवाई बेटांवर धडधाकट माणसे कावीळ घेऊन दवाखान्यात येऊ लागली. चौकशीत हेच उत्पादन पुढे आले. एकाचा जीव गेला, काहींना दुसऱ्याचे लिव्हर बसवावे लागले. त्याच वर्षी ते बाजारातून काढले गेले.

हळद. डाळीत, कालवणात चिमूटभर हळद आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. तिचा अर्क काढून, शरीरात जास्त मुरावा म्हणून त्यात मिरीचा अर्क मिसळून केलेल्या गोळ्यांनी लिव्हर सुजल्याची प्रकरणे इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत.

चारही उदाहरणांत एकच गोष्ट दिसते. झाड तेच असते, पण चिमूट आणि मूठ यांत फरक पडतो. ताटातला पदार्थ आपण थोडा खातो, अधूनमधून खातो, बाकीच्या अन्नाबरोबर खातो. अर्क रोज, भरपूर आणि रिकाम्या पोटी जातो.

डब्यावर न लिहिलेले

याखेरीज काही डब्यांत लेबलवर नसलेली औषधे मिसळलेली सापडतात. नुसत्या पानांनी चार दिवसांत भूक मरत नाही, वजन उतरत नाही, म्हणून गुपचूप रासायनिक औषध घातले जाते. २००२ मध्ये जपानमध्ये चीनमधून आलेल्या 'हर्बल' गोळ्यांनी शेकडो लोक आजारी पडले, काही लिव्हर निकामी होऊन मेले. त्या गोळ्यांत भूक मारणाऱ्या औषधाचे एक घातक रूप सापडले. सिब्युट्रामिन हे असेच भूक मारणारे औषध. हृदयाला धोका म्हणून भारताने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली, पण जगभरात 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत ते अजून पकडले जाते. म्हणून ज्या डब्याने आठवड्यात भूक एकदम मेली, छाती धडधडते, झोप उडाली, तो डबा 'लई गुणकारी' आहे असे समजू नका. त्यात काय मिसळले आहे याचा संशय घ्या.

'शेजारणीला काही झाले नाही, मग मला कसे होईल?'

लिव्हरची इजा दोन प्रकारांनी होते. एक प्रकार मापाचा. पॅरासिटामॉलसारखे औषध मर्यादेबाहेर घेतले की कोणाचेही लिव्हर बिघडते. दुसरा प्रकार व्यक्तीगणिक. तोच डबा शंभर जणींनी घेतला, नव्याण्णव जणींना काही झाले नाही आणि एकीला कावीळ झाली, असे यात होते. झाडपाल्याच्या अर्काने होणारी इजा बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असते.

यामागे काही अंशी जन्मजात कारण असते. अमेरिकेतल्या संशोधकांना ग्रीन टी, गार्सिनिया आणि हळद या तिन्हींच्या अर्काने लिव्हर बिघडलेल्या रुग्णांत एकाच जनुकाचा विशिष्ट प्रकार नेहमीपेक्षा जास्त सापडला. तो आपल्यात आहे की नाही हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते आणि गावात त्याची तपासणीही होत नाही. म्हणून शेजारणीचा अनुभव खरा असला तरी तो तुमच्या लिव्हरची हमी नाही. विकणारी बाई खोटे बोलत असेल असेही नाही. तिने स्वतः घेतला, तिला काही झाले नाही, म्हणून ती मनापासून सांगते. तरीही धोका तेवढाच राहतो.

'घाण बाहेर पडतेय' हे वाक्य ऐकले की थांबा

डबा सुरू केल्यावर काही आठवड्यांनी मळमळ होते, तोंडाची चव जाते, थकवा येतो, अंगाला खाज सुटते. बाई विकणारीला फोन करते. तिकडून उत्तर येते: 'घाबरू नको ताई, शरीरातली घाण बाहेर पडतेय. डोस वाढव, पंधरा दिवसांत हलके वाटेल.'

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान या एका वाक्याने होते. कारण मळमळ, अन्नावरची वासना जाणे, थकवा आणि खाज याच लिव्हरच्या पहिल्या हाका आहेत. ज्या दिवशी डबा बंद करायला हवा, नेमक्या त्याच दिवशी तो दुप्पट केला जातो. ही लक्षणे पाठ करून ठेवा:

- अन्न नकोसे होणे, मळमळ, उलटी
- विश्रांतीनेही न जाणारा थकवा
- उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणे
- पुरळ नसताना अंगभर खाज
- लघवी कोऱ्या काढ्यासारखी गडद, शौच पांढुरके
- डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणे

आणि ही लक्षणे दिसली तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी: माणूस बरळणे, दिवसा झोपणे आणि रात्री जागणे, हात थरथरणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळे शौच, पोट फुगणे.

औषधाने किंवा अर्काने इजा होऊन कावीळ दिसू लागली, तर अशा रुग्णांपैकी साधारण दहात एक जण लिव्हर निकामी होऊन दगावतो किंवा त्याला लिव्हर बदलावे लागते. उरलेले नऊ बरे होतात, पण डबा बंद केला तरच. पूर्ण बरे व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

कावीळ उतरवायला नेऊ नका

आता आपल्या भागातली दुसरी अडचण. डोळे पिवळे झाले की आपल्याकडे पहिली धाव दवाखान्याकडे नसते. कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कोणी नाकात थेंब सोडतो, कोणी मनगटावर डाग देतो, कोणी मुळी उगाळून ताकातून पाजतो. 'ॲलोपॅथीत काविळीला औषध नाही' हे तर सगळ्यांनाच तोंडपाठ असते.

पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते. श्रेय माळेला मिळते. पण डब्याने झालेली कावीळ तशी नसते. एका झाडपाल्याने सुजलेल्या लिव्हरवर आपण दुसऱ्या झाडपाल्याचे ओझे टाकतो, शिवाय आठ-दहा दिवस घालवतो. नाकातल्या थेंबांनी पिवळे पाणी येते ती कावीळ नसते, नाकाच्या आतली त्वचा जळून पाझरते. डागाने जखम होते. त्या आठ-दहा दिवसांत घरात कोणाच्या लक्षातही येत नाही की डबा अजून सुरूच आहे.

दवाखान्यात गेल्यावर तरी सगळे नीट होते असे नाही. डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात, 'कुठले औषध चालू आहे का?' बाई म्हणते, 'नाही.' ती खोटे बोलत नसते. तिच्या लेखी डबा औषध नाही, 'न्यूट्रिशन' आहे. कधी नवरा शेजारी उभा असतो आणि दोन हजारांचा डबा घेतल्याचे त्याला माहीत नसते. म्हणून आशाताईंना आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे, प्रश्नच वेगळा विचारा: 'पावडर, कॅप्सूल, काढा, चहा, थेंब, बाहेरून आणलेले काही घेता का? तीन महिन्यांत काही घेतले होते का?' आणि बाईला एकटीला विचारा.

यांनी तर डब्याला हातच लावू नये

- क्षयरोगाचे औषध चालू असलेले. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या गोळ्यांचा भार लिव्हरवर आधीच असतो. मात्र टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डबा बंद करा.
- ज्यांना हिपॅटायटिस बी किंवा सी आहे, ज्यांच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून आले आहे, किंवा जे रोज दारू घेतात.
- शुगर, बीपी, फिट, थायरॉईड, एचआयव्ही किंवा मानसिक आजाराची औषधे घेणारे.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता. बाळंतपणानंतरचे वजन उतरायला वेळ लागतो, त्याची घाई नको.
- अठराच्या आतली मुले-मुली. लग्न ठरले म्हणून कॉलेजच्या मुलींना डबा देणाऱ्या आयांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

त्रास वाटला तर काय करायचे

१. डबा आजच बंद करा. हळूहळू कमी करायची गरज नाही. सोबतचे काढे, टॉनिक, 'लिव्हर साफ करणारे' चूर्ण, सगळे थांबवा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

२. डबा फेकू नका. वेष्टण, पुडी, उरलेली पावडर पिशवीत घालून दवाखान्यात न्या. कधी सुरू केला, दिवसाला किती घेतला, हे कागदावर लिहून न्या.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयात जा. रक्तात एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची तपासणी सांगतात. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई यांच्या तपासण्याही करून घ्या, कारण आपल्याकडे पाण्यातून येणारी कावीळही असते. गरोदर बाईत हिपॅटायटिस ई फार घातक ठरतो. रक्त गोठण्यात बिघाड असेल तर अलिबागला किंवा मुंबईला पाठवतील. तेव्हा 'दोन दिवस बघू' म्हणू नका.

४. दारू पूर्ण बंद. अंगदुखी, तापासाठी मनाने गोळ्या नकोत, पॅरासिटामॉलही विचारून.

५. बरे झाल्यावर तोच डबा परत चालू करू नका. दुसऱ्या वेळची इजा पहिलीपेक्षा लवकर आणि जोरात होऊ शकते.

६. झाले ते कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाचा मोफत फोन १८००-१८०-३०२४ आहे. नोंद झाली नाही तर सरकारदरबारी तो डबा निर्दोषच राहतो.

विक्रेता दारात आला तर

१९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात काही आजारांची यादी आहे. त्या आजारांवर औषध देतो अशी जाहिरात करता येत नाही. लठ्ठपणा त्या यादीत आहे. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असला, तर तो माल अन्न म्हणून विकायचा परवाना आहे. त्या क्रमांकाने वजन उतरेल किंवा लिव्हर सुरक्षित राहील असे सिद्ध होत नाही. थेट विक्रीचे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले. त्यांनुसार विक्रेत्याला ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी येता येत नाही, आणि माणसे जोडत जाऊन पैसे कमावण्याच्या साखळी योजनांना बंदी आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

अशा कंपन्यांच्या 'आरोग्य शिबिरा'साठी विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल मागितला जातो. मशीनवर उभे करून चरबी मोजतात आणि शेवटी डबे विकतात. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी हॉल देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तपासणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे का, माल विकणार आहात का, आणि कोणाला त्रास झाला तर जबाबदारी लेखी घेणार का. आपल्या हॉलमध्ये विकलेला माल लोक विश्वासाने घेतात, म्हणून ही विचारपूस आपणच केली पाहिजे.

ज्या भगिनी हे डबे विकून घर चालवतात, त्यांच्यावर आमचा राग नाही. रोजगार नाही म्हणून त्या यात आल्या. त्यांना एवढेच सांगणे: ज्या बाईला मळमळ आणि खाज सुरू झाली, तिला डोस वाढवायला सांगू नका. तिला दवाखान्यात पाठवा.

मग वजनाचे काय?

आधी वजन का वाढले ते पाहा. थायरॉईड, शुगर आणि पाळीच्या तक्रारी तपासून घ्या. फॅटी लिव्हर असेल तर त्याच्यावर आजघडीला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे हळूहळू वजन उतरवणे. शरीराच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी लिव्हरवरची चरबी कमी होते. सत्तर किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. ते सहा महिन्यांत उतरवायचे, पंधरा दिवसांत नाही.

डब्याच्या पैशात महिनाभराची नाचणी, कडधान्ये, अंडी आणि सुकट येते. दिवसाचे चार-पाच गोड चहा दोनवर आणा, ते कमी साखरेचे करा. ताटात भात निम्मा, भाजी आणि डाळ दुप्पट. कामावरच्या वड्याच्या जागी घरची भाकरी बांधून न्या. कामावर दिवसभर उभे राहून पाय दुखतात हे आम्हाला माहीत आहे, तरीही दम लागेल अशी अर्धा तासाची चाल वेगळी लागते. चौघी मिळून निघालात तर रोज होते. जे डॉक्टर 'वजन कमी करा' एवढेच म्हणतात, त्यांना 'कसे, ते सांगा' असे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आज घरी गेल्यावर फळीवर तो डबा आहे का बघा. असेल तर घेणाऱ्या व्यक्तीचे डोळे उजेडात पाहा आणि लघवीचा रंग विचारा. दोन्ही ठीक असले तरी डबा बंद करा आणि एकदा लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या.